वनस्पतिजन्य द्रव्ये आणि परजीवींचा पेशीमृत्यू : एक चिकित्सा

प्राणहितेच्या काठी वसलेल्या अहेरीपासून आलापल्ली, एटापल्ली, भामरागड आणि दक्षिणेस सिरोंचापर्यंत पसरलेल्या अरण्याविषयी दोन विधाने नेहमी जोडीने केली जातात. एक असे की, हे अरण्य औषधी वनस्पतींचे भांडार आहे. दुसरे असे की, ते हिवतापाचे माहेरघर आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्यास महाराष्ट्रातील हिवतापाचा फार मोठा भाग दीर्घकाळ आलेला आहे, आणि तोही प्रामुख्याने प्लास्मोडियम फाल्सिपेरम ह्या सर्वांत घातक जातीचा. ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली म्हणजे त्यांतून एक तिसरे विधान नकळत जन्मास येते : जेथे रोग, तेथेच त्याचे औषधही असले पाहिजे. हे तिसरे विधान मात्र शास्त्रीय नव्हे. ती श्रद्धा आहे. संशोधकास रानात जाण्यास प्रवृत्त करण्यापुरती ती निरुपद्रवी, किंबहुना उपकारकही आहे. ती निष्कर्षांत शिरू लागली म्हणजे चिकित्सेची गरज उत्पन्न होते.

गेल्या दोन-तीन दशकांत ह्या विषयावरील निबंधांना एक ठराविक घाट आलेला आहे. प्रथम एखाद्या तालुक्यातील पुजारी, वैदू व वडीलधाऱ्या मंडळींस विचारून तापावरील झाडपाल्याची यादी करावयाची. त्यांतील काही वनस्पतींची पाने वा साली वाळवून मिथेनॉलमध्ये त्यांचा अर्क काढावयाचा. तो काचपात्रात वाढविलेल्या परजीवींवर घालावयाचा. आणि अर्ध्याहून अधिक परजीवी कोणत्या मात्रेस नाहीसे झाले ते नोंदवावयाचे. एके काळी निबंध येथे संपत असे. आता त्यास एक पुढची पायरी जोडली जाते. मेलेल्या परजीवींस दोन-तीन चमकणाऱ्या रंगद्रव्यांनी रंगवून असे घोषित केले जाते की, ह्या वनस्पतीने परजीवीस नुसते मारले नाही, तर त्याच्या पेशीत दडलेली आत्मनाशाची यंत्रणा जागी केली. ह्या शेवटच्या पायरीमुळे निबंधाची प्रतिष्ठा वाढते हे उघड आहे. पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत कच्ची पायरीही बहुधा हीच असते.

ह्या पायरीवर वापरला जाणारा शब्द अपोप्टोसिस हा होय. १९७२ साली केर, वायली आणि करी ह्या तीन विकृतिशास्त्रज्ञांनी तो रूढ केला. शब्द ग्रीक आहे. झाडाची पाने गळून पडणे हा त्याचा मूळ अर्थ. आलापल्लीच्या सागवनात ज्याने वर्षाचे बाराही महिने पाहिले असतील त्यास ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. साग आपली पाने आपण होऊन टाकतो. देठाच्या मुळाशी एक विलग होणारा थर तयार होतो, पानातील कामाची द्रव्ये झाड आधीच परत खेचून घेते, आणि मग पान पडते. त्याच वनात वणवा शिरला तरी पाने जातात. दोन्ही प्रसंगी झाडे उघडी दिसतात. वणव्यानंतरच्या झाडाकडे पाहून कोणी पानगळ झाली असे म्हटले तर तो मनुष्य खोटे बोलत नाही, पण काही सांगतही नाही. पेशीच्या बाबतीत हाच भेद नियोजित मृत्यू आणि अपघाती नाश ह्यांच्यामध्ये आहे. नियोजित मृत्यूत पेशी आकसते, तिच्यातील गुणसूत्रद्रव्याचे ठराविक जागी तुकडे होतात, आवरण शेवटपर्यंत अभंग राहते आणि शेजारच्या पेशी अवशेष गिळून टाकतात. अपघाती नाशात पेशी फुगते, फुटते आणि आतील द्रव्य बाहेर सांडते.

मनुष्याच्या वा कृमीच्या शरीरात ह्या योजनेचे सूत्रधार म्हणजे कॅस्पेज नावाची विकरे होत. प्रथिनाच्या साखळीत ॲस्पार्टिक आम्लाचा दुवा जेथे असेल तेथे ती छेद घेतात. हिवतापाचा परजीवी, काळा आजाराचा लीशमॅनिया, आमांशाचा अमीबा ह्या एकपेशीय जीवांत मात्र ही विकरे नाहीत. २००० सालानंतर त्यांच्या दूरच्या नात्यातील मेटाकॅस्पेज नावाची विकरे अशा अनेक जीवांत, तसेच वनस्पती व बुरशींत सापडली, आणि आत्मनाशाची यंत्रणा एकपेशीय जीवांतही असल्याचा निर्वाळा काही अभ्यासकांनी घाईने देऊन टाकला. पण मेटाकॅस्पेज ॲस्पार्टिक आम्लाशी छेद घेत नाही. ते आर्जिनीन व लायसीन ह्या दुव्यांशी घेते. नाते आहे, काम तेच आहे असे नाही. तेव्हा कॅस्पेजसाठी बनविलेल्या तयार संचाने हिवतापाच्या परजीवीत कॅस्पेजचे कार्य मोजले, असे जेव्हा एखाद्या प्रबंधात आढळते, तेव्हा नक्की काय मोजले गेले हा प्रश्न परीक्षकाने विचारावयास हवा. तो विचारला जात नाही, असे प्रसिद्ध झालेल्या निबंधांवरून दिसते.

ह्याच्या मागे एक अधिक मूलभूत शंका आहे. बहुपेशीय प्राण्यात एक पेशी मरते ती उरलेल्या शरीराच्या हितासाठी. एकच पेशी हे ज्याचे सर्वस्व, त्याने आत्मनाशाची सोय बाळगून काय साधावे? ह्याला एक उत्तर दिले गेले आहे. डासाच्या जठरात शिरलेले परजीवी संख्येने फार झाले तर डासच मरेल आणि सर्वांचीच वाट बंद होईल. म्हणून काहींनी मरणे इतरांच्या हिताचे ठरते. उंदरातील हिवतापाच्या प्लास्मोडियम बर्घाय ह्या जातीच्या डासातील अवस्थांमध्ये अपोप्टोसिससारखी लक्षणे आढळल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले होते. परंतु त्याच जातीतील मेटाकॅस्पेजचे जनुक काढून टाकले तरी ह्या मरणात फरक पडला नाही, असे २००७ साली दिसून आले. पुढे २०१३ साली प्रोटो, कूम्ब्स आणि मॉटरम ह्यांनी सर्व पुराव्याचा आढावा घेऊन, एकपेशीय परजीवींतील मरण हे नियंत्रित आहे की केवळ आनुषंगिक, हा प्रश्न शीर्षकातच उभा केला. त्यांचा कल दुसऱ्या बाजूकडे होता. ह्या विषयावर निबंध लिहिणाऱ्याने हा आढावा वाचला आहे की नाही, हे त्याची पहिली दोन पाने वाचताच कळते.

आता त्या चमकणाऱ्या रंगद्रव्यांकडे वळावे. सर्वांत लोकप्रिय चाचणी अनेक्सिन ह्या प्रथिनाची. निरोगी पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूस फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचे स्निग्ध द्रव्य असते. मरणोन्मुख पेशी ते बाहेरच्या बाजूस उलटवते, आणि अनेक्सिन त्यास चिकटून पेशी चमकते. मनुष्याच्या पेशीसाठी ही चाचणी उत्तम आहे. लीशमॅनियाच्या बाबतीत मात्र अनेक वर्षे ती बिनदिक्कत वापरली गेल्यावर २०१२ साली असे उघड झाले की, ह्या परजीवीच्या कीटकातील अवस्थेत फॉस्फॅटिडिलसेरीन आढळण्याइतके नसतेच! आवरण सच्छिद्र झाले की अनेक्सिन आतल्या इतर स्निग्ध द्रव्यांस चिकटते, एवढाच त्या चमकीचा अर्थ. हिवतापात अडचण निराळी आहे. तेथे परजीवी तांबड्या पेशीच्या आत असतो आणि तो वाढू लागला की त्या तांबड्या पेशीचेच आवरण हे द्रव्य बाहेर दाखवू लागते. अशा वेळी अनेक्सिनची चमक ही पाहुण्याच्या मरणाची की यजमानाच्या दुखण्याची, हे कसे ठरवावे?

दुसरी चाचणी गुणसूत्रद्रव्याच्या तुटलेल्या टोकांची. कोणत्याही कारणाने मेलेल्या पेशीत हे द्रव्य अखेरीस तुटतेच. प्रश्न ते केव्हा तुटले हा आहे. अर्क घातल्यावर ४८ तासांनी एकदाच पाहणाऱ्यास ह्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकत नाही. आवरण फुटण्यापूर्वी तुकडे झाले असतील तर योजनेचा संशय घ्यावा; नंतर झाले असतील तर ते प्रेताचे कुजणे आहे. क्लोरोक्वीनने फाल्सिपेरममध्ये असे तुकडे होतात आणि ते अपोप्टोसिसचे लक्षण होय, असे १९९७ साली मांडले गेले; हिवतापावरील औषधांनी होणाऱ्या मरणात अपोप्टोसिसची नेहमीची लक्षणे आढळत नाहीत, असे २००६ साली दुसऱ्या गटाने दाखविले; आणि २००८ साली तिसऱ्या गटाने हे मरण स्वभक्षणाच्या प्रकारात बसविले. इतकी वर्षे जगभर वापरलेल्या, शुद्ध, ज्याची रचना अणुशः ज्ञात आहे अशा एका द्रव्याच्या बाबतीत ही स्थिती आहे. शेकडो द्रव्यांचे मिश्रण असलेल्या एखाद्या पानाच्या अर्काविषयी एका छायाचित्रावरून निकाल देणाऱ्याच्या धैर्याचे कौतुकच करावे लागेल.

तिसरी चाचणी तंतुकणिकांच्या विद्युद्भाराची. भार ढळला की आत्मनाश सुरू झाला, असे समजले जाते. परंतु ॲटोव्हाक्वोन हे औषध परजीवीच्या तंतुकणिकेतील श्वसनसाखळी थेट रोखते आणि भार कोसळतो तो त्यामुळे. तेथे भार ढळणे हा आघातच आहे. घराचा पाया खणून काढल्यावर भिंत पडली, तर भिंतीने पडण्याचे ठरविले होते असे कोणी म्हणत नाही. ह्या औषधाचे कूळ पाहण्यासारखे आहे. ते नॅफ्थोक्विनोन वर्गातील असून, त्याचा धागा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लुई फीझर ह्यांनी लॅपाचोल ह्या वनस्पतिजन्य द्रव्याच्या नातलगांवर केलेल्या शोधापर्यंत मागे जातो. लॅपाचोल सागातही आढळते. म्हणजे अहेरीच्या परिसरातील ज्या वृक्षाकडे लाकूड म्हणून पाहिले गेले, त्याच्याच एका घटकाच्या कुळातून हिवतापावरील औषध निघाले. पण ते सागाचा काढा पाजून निघालेले नाही. मूळ द्रव्य, त्याचे रूपांतर, त्याचे नेमके लक्ष्य आणि त्या लक्ष्याचा माणसाच्या पेशीतील जोडीदार ह्यांच्यामधील फरक, इतक्या साऱ्या पायऱ्या मध्ये आहेत.

ह्याचा अर्थ वनस्पतिजन्य द्रव्याने परजीवीत नियंत्रित मरण घडते असे कोठेच दाखविले गेले नाही, असा नव्हे. पुरावा कसा उभारावा ह्याचे एक उदाहरण भारतातच आहे, ते कलकत्त्याच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेतील. तेथील हेमंत मजुमदार ह्यांच्या गटाने २००४ साली कॅम्प्टोथेसीन ह्या द्रव्याने लीशमॅनिया डोनोव्हानीत घडणाऱ्या मरणाचा क्रम लावून दाखविला. हे द्रव्य महाराष्ट्रास अपरिचित नाही. सह्याद्रीतील नरक्या वा अमृता ह्या नावाच्या झाडात ते विपुल असते, आणि कर्करोगावरील औषधांसाठी त्यास मागणी आल्यावर त्या झाडाची जी तोड झाली ती कोकण व कोल्हापूरकडील लोकांस ठाऊक आहे. कॅम्प्टोथेसीनचे लक्ष्य आधीपासून माहीत होते : गुणसूत्रद्रव्याचा पीळ सोडविणारे टोपोआयसोमरेज हे विकर. ह्या विकरावर आघात, मग तंतुकणिकेत बिघाड व ऑक्सिजनजन्य विषारी घटकांची वाढ, मग भार ढळणे, मग सायटोक्रोम सी चे बाहेर येणे, मग प्रथिने तोडणाऱ्या विकराची हालचाल आणि अखेरीस गुणसूत्रद्रव्याचे तुकडे, असा तो क्रम आहे. येथे घटना एकामागून एक कालानुक्रमे मांडल्या आहेत, आणि द्रव्य एकच व शुद्ध आहे. नुसत्या रंगविलेल्या छायाचित्राहून ह्या पद्धतीचे मोल निराळे आहे.

तरीही दोन आक्षेप उरतातच. ह्या प्रकारचे बहुतेक प्रयोग परजीवीच्या कीटकातील, चाबकासारखी शेपटी असलेल्या अवस्थेवर सोयीसाठी केले जातात. रुग्णाच्या प्लीहेत असते ती अवस्था निराळी. आणि टोपोआयसोमरेज मनुष्यातही असते. लीशमॅनियाचे हे विकर दोन उपघटकांचे आणि माणसाचे एकसंध, ह्या फरकाचा उपयोग करून घेता येईल ही आशा रास्त आहे. पण तो उपयोग करून घेईपर्यंत नरक्या हे विषच राहणार.

हिवतापाच्या बाबतीत इतिहासाने दिलेला धडा तर अधिकच स्पष्ट आहे. ज्या दोन वनस्पतींनी ह्या रोगाविरुद्ध खरोखर माणसे वाचविली, त्या सिंकोना आणि आर्टेमिसिया. १८२० साली पेलेत्ये व काव्हांतू ह्यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले. १९७२ साली चीनमध्ये तू यूयू ह्यांच्या गटाने आर्टेमिसियातून आर्टेमिसिनिन शुद्ध स्वरूपात मिळविले, आणि त्याबद्दल त्यांस २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या दोन्ही द्रव्यांच्या क्रियेच्या मुळाशी परजीवीचा आहार आहे. परजीवी तांबड्या पेशीतील हीमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारे हीम त्यास विषारी असल्यामुळे तो त्याचे स्फटिक करून बाजूस ठेवतो. क्विनीनच्या कुळातील औषधे हे स्फटिक होऊ देत नाहीत, आणि परजीवी आपल्याच अन्नाच्या विषाने मरतो. आर्टेमिसिनिनच्या रेणूतील ऑक्सिजनचा पूल हीममधील लोहाने तुटतो आणि त्यातून निघणारे तुकडे समोर येईल त्या प्रथिनास चिकटतात. अशी १२४ प्रथिने २०१५ साली मोजली गेली. ही हातोड्याची क्रिया आहे. कोणतेही एक कळ दाबणारे बोट तेथे दिसत नाही. औषध म्हणून तिचे मोल त्यामुळे तसूभरही उणे होत नाही. मग साध्या अर्काने परजीवी मेला तर तो अपोप्टोसिसनेच मेला पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

आर्टेमिसिनिनने आणखी एक गोष्ट शिकविली आहे, आणि ती ह्या निबंधांच्या मुळावरच येते. ह्या औषधाच्या माऱ्याखाली काही कोवळे परजीवी मरत नाहीत. ते आकसतात, वाढ थांबवितात आणि काही दिवस निद्रिस्त राहून पुन्हा जागे होतात. एकट्या आर्टेमिसिनिनने बरा झालेला रुग्ण पुन्हा तापाने आजारी पडतो त्याचे हे एक कारण, आणि ते नेहमी दुसऱ्या औषधाच्या जोडीने देण्याचेही. सूक्ष्मदर्शकाखाली हे निद्रिस्त परजीवी आकसलेल्या, गडद केंद्रकाच्या ठिपक्यांसारखे दिसतात, म्हणजे अपोप्टोसिसच्या वर्णनास बऱ्यापैकी जुळतात. जो मेला म्हणून मोजला तो झोपलेला असेल, तर निष्कर्ष नुसता चुकीचा ठरत नाही. तो उलटा ठरतो.

ह्या पार्श्वभूमीवर अहेरीच्या रानातील दोन परिचित वनस्पती घेऊन पाहावे. कुड्याच्या सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड आमांशावर पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. फाल्सिपेरमवरील त्याचा परिणाम २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्मे परजीवी रोखण्यास प्रतिमिलिलिटर १.९ मायक्रोग्रॅम एवढी मात्रा पुरली, आणि उंदरांतही परजीवींची संख्या बरीच घटली. त्याच निबंधात उंदराच्या स्नायुपेशींस निम्म्याने मारणारी मात्रा १४ मायक्रोग्रॅम अशी दिली आहे. लेखकांनी हा दुसरा आकडा प्रामाणिकपणे छापला ही समाधानाची गोष्ट. त्यामुळेच वाचकास कळते की, औषध आणि विष ह्यांच्यामध्ये साधारण सातपट अंतर आहे. ते फार नाही. दुसरी वनस्पती भुईनिंब म्हणजेच काळमेघ. तिच्यातील अँड्रोग्राफोलाइडची परीक्षा भुवनेश्वर येथे होऊन २०११ साली जी मात्रा प्रसिद्ध झाली ती सुमारे ९ मायक्रोमोलर होती. आर्टेमिसिनिन ह्याच्या शेकडो पटींनी कमी मात्रेत तेच काम करते. ह्या तुलनेविना ‘लक्षणीय परिणाम आढळला’ हे वाक्य अर्थशून्य आहे. पुरेसा मद्यार्क ओतला तरीही परिणाम लक्षणीयच आढळेल.

कुड्याच्या निमित्ताने आणखी एका ढिलाईचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. मराठीत कुडा एक नाही. पांढरा कुडा तो होलॅऱ्हेना. काळा कुडा तो राइटिया. पाने, शेंगा पाहून जाणत्यास फरक कळतो, पण बाजारात आलेल्या वाळक्या सालीवरून तो सहसा कळत नाही, आणि ह्या सालींची सरमिसळ जुनी आहे. काळमेघाचीही तीच कथा. किराईत हे नाव हिमालयातील स्वर्टियासही आहे आणि ह्या वनस्पतीसही. ज्या निबंधात वाळविलेला नमुना कोणत्या वनस्पतिसंग्रहात कोणत्या क्रमांकाने ठेवला ह्याची नोंद नाही, त्यातील पुढचे सारे आकडे कोणत्या झाडाचे आहेत हे देवासच ठाऊक.

हिवतापाकडून हत्तीपाय रोगाकडे वळले म्हणजे चित्र थोडे बदलते, आणि ते विदर्भातील अभ्यासकांच्या बाजूने बदलते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात हा रोगही जुना आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत ह्या रोगावर दीर्घकाळ काम झाले. तेथील व नागपूरच्या संशोधकांनी निर्गुडी, पळस, बेल आणि एरंड ह्यांच्या अर्कांचा ब्रुगिया मलायी ह्या कृमीच्या सूक्ष्मावस्थांवरील परिणाम २००८ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे २०१० साली त्यामागे ऑक्सिजनजन्य ताण असावा असे सुचविले. सातासमुद्रापलीकडची वनस्पती न शोधता गावकुसाबाहेरची घेतली, हे ह्या कामाचे पहिले वैशिष्ट्य. दुसरे असे की, येथे नियोजित पेशीमृत्यूची कल्पना मुळातच अधिक संभवनीय आहे. कृमी हा बहुपेशीय प्राणी; त्याच्यापाशी खरी कॅस्पेज विकरे असतात. किंबहुना पेशीमृत्यूची जनुके प्रथम सापडली तीच एका सूत्रकृमीत, आणि त्या शोधास २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कृमीच्या आत राहणारे वोल्बॅशिया जीवाणू प्रतिजैविकाने मारले असता कृमीच्या जननपेशी अपोप्टोसिसने मरतात, हेही २०११ साली दाखविले गेले. तेव्हा हिवतापाच्या प्रबंधात जो शब्द उसना वाटतो, तो येथे घरचा आहे.

तथापि ह्या कामातही कसोटी हालचालीची आहे. ४८ तासांत सूक्ष्मकृमी वळवळण्याचे थांबले, ही नोंद. न हलणारा कृमी मेलेलाच असतो असे नाही. तो लुळा पडलेला असू शकतो. उलट बाजूने पाहिले तर कसोटी अधिकच अपुरी दिसते. डायएथिलकार्बामाझीन हे ह्या रोगावरील जुने व सर्वपरिचित औषध रुग्णाच्या रक्तातील सूक्ष्मकृमी झपाट्याने नाहीसे करते, पण काचपात्रात त्यांच्यावर त्याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. त्यास रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचे साहाय्य लागते. ह्या कसोटीवर प्रथम हेच औषध बाद झाले असते. शिवाय भारतातील बहुतांश रोग वुचेरेरिया बँक्रॉफ्टीमुळे होतो. ब्रुगिया प्रयोगशाळेत प्राण्यांत वाढविता येतो म्हणून तो वापरला जातो, आणि ती सोय गैर नाही. अनुमान काढताना तिचा विसर पडू नये एवढेच.

काचपात्रातून थेट रुग्णाकडे जाण्याचे प्रयत्नही झाले आहेत. मुंबईत पारिजातकाच्या ताज्या पानांचा कल्क हिवतापाच्या १२० रुग्णांस देऊन पाहण्यात आला आणि त्यांपैकी ९२ रुग्ण ७ ते १० दिवसांत बरे झाले, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. वनस्पतीची ख्याती गृहीत न धरता ती माणसांत मोजण्याचे हे धाडस आदरास पात्र आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नसताना ह्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण. अहेरीसारख्या भागात तर ते जवळजवळ अशक्य. कारण वर्षानुवर्षे ज्यास हिवताप होत आला अशा प्रौढाच्या रक्तात परजीवी असूनही ताप नसतो, आणि आलेला ताप कित्येकदा आपोआप उतरतो. अशा मनुष्यास काहीही दिले तरी गुण येतो. पुजाऱ्याच्या काढ्याची कीर्ती काही अंशी ह्यावरही उभी असावी. लहान मुलास व गरोदर स्त्रीस ही प्रतिकारशक्ती नसते. फाल्सिपेरमचा ताप मेंदूत शिरण्यास एक-दोन दिवस पुरतात, आणि भामरागडकडील नाले पावसाळ्यात भरले म्हणजे ते एक-दोन दिवस रस्त्यावरच जातात. अमुक पाल्याने हिवतापाचे जंतू आत्मनाश करतात, हे वाक्य प्रबंधातून वर्तमानपत्रात, वर्तमानपत्रातून गावात गेले, आणि त्यामुळे एका बापाने मुलाचे रक्त तपासण्यास एक दिवस उशीर केला, तर त्या वाक्याची किंमत प्रबंधलेखकास नव्हे, दुसऱ्याच कोणास तरी द्यावी लागते.

यादीच्या पहिल्या पायरीविषयीही दोन शब्द. गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते व त्यांविषयीचे त्यांचे ज्ञान डॉ. राणी बंग ह्यांनी ‘गोईण’ ह्या पुस्तकात मांडले आहे. तेथे झाड बाईच्या आयुष्यात येते. सर्वेक्षणाच्या तक्त्यात मात्र झाड, अवयव, रोग अशा तीन रकान्यांत सारे बसविले जाते; साल कोणत्या ऋतूत काढली, ती पाण्यात उकळली की ताकात वाटली, कोणास देऊ नये, हे गळून पडते. मग पाण्यातला काढा पिणाऱ्या लोकांच्या औषधाची परीक्षा मिथेनॉलमधील अर्काने होते. आर्टेमिसियाच्या बाबतीत उकळलेल्या अर्काने निराशा केली होती आणि कमी उष्णतेत ईथरने काढलेल्या अर्काने यश दिले, हे ज्यास ठाऊक आहे तो ह्या रकान्यांविषयी निष्काळजी राहणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करण्याची तरतूद झाली, आणि ह्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभेचे स्थान दाखवून दिले. तरीही माहिती देणारा ‘स्थानिक व्यक्ती’ म्हणून अनामिक राहतो आणि ग्रामसभेच्या संमतीचा उल्लेख निबंधात क्वचितच सापडतो.

ह्या सर्व आक्षेपांपैकी बरेचसे दूर करण्यास मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. ट्रेगर व जेन्सन ह्यांनी १९७६ साली फाल्सिपेरम मानवी रक्तात अखंड वाढविण्याची जी पद्धत दिली, ती ज्या विभागात चालते तेथे एक साधा प्रयोग करता येतो. अर्काने परजीवी दिसेनासे झाल्यावर पात्र तेथेच न टाकता अर्क धुऊन काढावा, ताज्या तांबड्या पेशी घालाव्यात, आणि ४८ तासांचे एक चक्र नव्हे तर दोन-तीन आठवडे दर दोन दिवसांनी काचपट्टी रंगवून पाहावी. सोबत एका पात्रात उकळत्या पाण्याने मारलेले परजीवी आणि दुसऱ्यात आर्टेमिसिनिन दिलेले परजीवी असावेत. तीच रंगद्रव्ये तिन्हींस लावावीत, आणि तीही पहिल्या तासापासून ठराविक अंतराने. उकळून मारलेला परजीवीही जर अनेक्सिनने तितकाच चमकला, तर तो तक्ता प्रबंधात प्रथम छापावा.